सुट्टींतील ऊन व आपली त्वचा

मे महिन्याची सुट्टी लागली, कीं शाळेंतील मुलामुलींची चोहोंकडे पांगापांग होते. कोणी आजोळीं जातें. कोणी आईबापांबरोबर पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशीं जवळचीं ठिकाणें पाहून येतें. ज्यांस थोडी अधिक अनुकूलता असते ते पुण्यावरून महाबळेश्वरास जातात, किंवा होटगी जंक्शनावर गाडी धरून विजापूर, गदग, हुबळी या वाटेनें गोमंतकाच्या समुद्रकिनाऱ्याकडे वळतात. पुष्कळांची सुट्टी तर आपल्या शेतावरच जाते. निघतांना आई शिदोरी बांधून देते आणि वडील पैशांची काळजी घ्यावयास बजावतात. परंतु अंगावरच्या कातडीची काळजी कशी घ्यावी, याविषयीं सहसा कोणी कांहीं सांगत नाहीं. ‘आम्ही सोलापूरकडचे, आम्हांस उन्हाची काय भीति?’ असा आपला सर्वांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे व तो कोठें आपणांस दगा देतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. उन्हानें आपणांस उकडतें आणि उन्हानें आपली कातडी करपते, या दोन गोष्टी आपण एकच समजतों. वस्तुतः त्या भिन्न आहेत. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाश पाडून त्याच्या रंगीत पट्ट्यावर उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं तेथें, पारा अधिक चढला. या अदृश्य किरणांस अवरक्त किरण म्हणतात. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८०१ मध्यें, जर्मनींतील येना येथें योहान रिटर यानें त्याच पट्ट्याचें दुसरें टोंक तपासलें. चांदीचा एक क्षार उजेडांत ठेविला असतां काळा पडतो, हें त्यास ठाऊक होतें. तो क्षार जांभळ्या रंगाच्या पलीकडे, अंधाऱ्या जागीं ठेविला असतां सर्वांत लवकर काळा पडला. या दुसऱ्या अदृश्य किरणांस जंबुपार अथवा अतिनील किरण असें नांव आहे.

उन्हाची ऊब आपणांस मिळते ती मुख्यतः दृश्य व अवरक्त किरणांपासून; कातडी करपते ती अतिनील किरणांनीं. पहिल्यांची जाणीव त्वचेस तत्काळ होते, आणि मनुष्य आपोआप सांवलीकडे धांव घेतो. दुसऱ्यांची जाणीव मुळींच होत नाहीं. ते दिसत नाहींत, त्यांचा चटका बसत नाहीं, आणि उष्णतामापकावरून त्यांचा अदमासही करितां येत नाहीं. त्यांनीं केलेलें काम तीन ते सहा तासांनीं दिसूं लागतें आणि सुमारें एका दिवसानें त्याचा कळस होतो. यामुळें दुपारीं समुद्रांत डुंबणारा मुलगा आनंदांत असतो आणि रात्रीं पाठ टेकवितां येईना म्हणून रडूं लागतो. अपराध घडतो एका वेळीं आणि शिक्षा मिळते दुसऱ्या वेळीं. म्हणूनच यांतून धडा शिकणें कठीण जातें.

अतिनील किरणांचे शास्त्रज्ञांनीं अ, ब आणि क असे तीन वर्ग केले आहेत. त्यांपैकीं ‘क’ वर्गाचे किरण सर्वांत घातक खरे. परंतु आपल्या वातावरणाच्या वरच्या थरांतच ते शोषिले जातात. ‘ब’ वर्गाचे बहुतेक किरण ओझोनचा थर अडवितो. जे थोडे निसटून खालीं येतात तेच कातडी भाजतात. ‘अ’ वर्गाचे किरण मात्र सहज खालीं पोहोंचतात. जमिनीवर पडणाऱ्या अतिनील किरणांपैकीं शेंकडा सुमारें ९५ याच वर्गाचे असतात. ते त्वचेंत खोलवर शिरून तिचे तंतु सैल करितात, आणि अकालीं सुरकुत्या व डाग पडण्यास कारण होतात. साधी कांच ‘ब’ किरणांस पुष्कळ अंशीं अडविते. ‘अ’ किरणांस तितकेंसें अडवीत नाहीं. म्हणून आगगाडींत कांच लावून बसलों, आतां ऊन आंत आलें तरी काय झालें, असें म्हणून चालत नाहीं.

आतां आपल्या त्वचेकडे वळूं. बाहेरच्या पातळ थराच्या तळाशीं कांहीं विशेष पेशी असतात व त्या मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य तयार करितात. हें रंगद्रव्य आपल्या शेजारच्या पेशींच्या केंद्रावर छत्रीसारखें पसरतें आणि अतिनील किरण शोषून घेतें. ऊन लागल्यावर चेहरा रापतो, म्हणजे त्वचा ही छत्री अधिक दाट करूं पाहते. रापणें ही प्रकृतीची खूण नसून, त्वचेस इजा पोहोंचल्याची व तिनें स्वसंरक्षणाची खटपट चालविल्याची ती खूण होय. आपण दक्षिणेकडील सांवळीं माणसें. आपली छत्री जन्मतःच बरीच दाट आहे. त्यामुळें युरोपियन लोकांस किंवा ऑस्ट्रेलियांतील गोऱ्या वस्तीस त्वचेच्या कर्करोगाचें जितकें भय आहे तितकें आपणांस नाहीं. हा लाभ मोठा आहे. परंतु छत्री म्हणजे भिंत नव्हे. सांवळी कातडीही भाजते. ती लाल झालेली चटकन दिसत नाहीं इतकेंच. गालांवर वांग उन्हानें वाढतो, ओठ फुटतात, आणि वर्षानुवर्षें डोळ्यांवर ऊन घेतल्यानें मोतीबिंदूस साह्य होतें. ज्यांस कोड आहे त्यांच्या पांढऱ्या डागांवर, आणि ज्यांच्या त्वचेंत जन्मतःच रंगद्रव्य नाहीं त्यांच्या सर्वांगावर, ही छत्री नसते. अशा सोबत्यास कोणी हिणवूं नये. सहलीस जातांना त्यास सांवलीची जागा देणें हें मित्राचें काम आहे.

सोलापुरासारख्या ठिकाणीं, जेथें मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो, तेथें राहूनही आपली कातडी एवढी सुरक्षित कशी राहते? याचें श्रेय कांहीं अंशीं आपल्या वर्णास असलें, तरी बरेंचसें आपल्या वाडवडिलांच्या दिनक्रमास आहे. होटगीच्या शिवारांत पाहावें. शेतकरी तांबडें फुटतांच कामास लागतो, ऊन चढूं लागलें कीं लिंबाखालीं किंवा वस्तीवर परततो, आणि उन्हें कलल्यावर पुन्हां बाहेर पडतो. डोकीस पटका किंवा मुंडासें, बायांच्या डोकीवर व मानेवर पदर, धनगराच्या खांद्यावर घोंगडी. शाळासुद्धां उन्हाळ्यांत सकाळची भरते. यांतील एकही रीत कोणी अतिनील किरणांचें पुस्तक वाचून पाडलेली नाहीं. उकाडा हाच आमचा राखणदार आहे; तो भर दुपारीं आम्हांस घरांत हांकून घालतो, आणि त्याच्याबरोबर न दिसणारा शत्रूही आपोआप टळतो.

महाबळेश्वरास किंवा समुद्रकांठीं गेलें, कीं हा राखणदार कामावर नसतो. हवा गार, वारा मंद, अंगावर घाम नाहीं. मग दुपारी बाराला मैदानांत खेळावयास हरकत कोणती? हरकत अशी, कीं हवा थंड झाली म्हणून सूर्य थंड होत नाहीं. उलट डोंगरावर हवेचा थर पातळ असल्यामुळें दर हजार मीटर उंचीस अतिनील किरण शेंकडा सुमारें दहांनीं वाढतात. महाबळेश्वर आपल्या गांवापेक्षां सुमारें नऊशें मीटर उंच आहे. म्हणजे निरभ्र दिवशीं तेथील उकाडा कमी, परंतु करपविण्याची शक्ति जवळजवळ एक दशांश जास्त. समुद्रावर कोरडी वाळू शेंकडा सुमारें १५ व लाटांचा फेंस सुमारें २५ किरण उलट फेंकतो, म्हणून टोपी घातली तरी खालून मार बसतो. पाण्यांत अर्धा मीटर खोल गेलें तरी शेंकडा ४० किरण तेथें पोहोंचतात. हिमालयाच्या यात्रेंत ताजें बर्फ तर शेंकडा ८० पर्यंत किरण परतवितें. तेथें काळ्या चष्म्यावांचून डोळेही दुखावतात. विरळ ढगांवरही विसंबूं नये. त्यांतून नव्वद टक्क्यांहून अधिक किरण खालीं येऊं शकतात. सारांश, आपण घरीं असतां उन्हास भितों आणि जेथें अधिक सावध राहावयाचें तेथेंच निर्धास्त होतों.

मग जें दिसत नाहीं आणि जाणवत नाहीं त्याचें माप घ्यावें कसें? यास एक बिनखर्चाचें साधन प्रत्येकाच्या पायापाशीं आहे, तें म्हणजे स्वतःची सांवली. सूर्य खालीं असतो तेव्हां त्याचे किरण हवेंतून तिरपे, लांबच्या वाटेनें येतात व अतिनील भाग वाटेंतच बराचसा गळून जातो. सूर्य जसजसा वर चढतो तसतशी वाट आंखूड होते आणि सांवलीही आंखूड होते. नियम असा आहे: आपली सांवली आपल्या उंचीपेक्षां लांब असेल तोंवर ऊन सौम्य समजावें; ती उंचीपेक्षां तोकडी झाली, कीं आडोसा शोधावा. हवा गार असो वा गरम, घड्याळ जवळ असो वा नसो, हा नियम पाळण्यास अडचण पडत नाहीं.

हाच नियम होटगीस लावून पाहूं. आपलें गांव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेसतरा अंशांवर आहे. सूर्य उत्तरेकडे साडेतेवीस अंशांपर्यंत, म्हणजे कर्कवृत्तापर्यंत जातो; त्यामुळें जातांना एकदां व परततांना एकदां तो आपल्या बरोबर डोकीवरून जातो. पहिली वेळ १० मेच्या आसपास येते आणि दुसरी ऑगस्टच्या आरंभीं. दुसऱ्या वेळीं बहुधा आभाळ असतें. परंतु पहिली वेळ नेमकी सुट्टींत सांपडते. त्या दिवशीं अंगणांत एक काठी ओळंब्यांत उभी करून पाहावी. बारा वाजून सुमारें २२ मिनिटांनीं तिची सांवली नाहींशी होईल. बारालाच कां नाहीं, असें कोणी विचारील. आपलीं घड्याळें साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताच्या वेळेवर चालतात आणि आपण त्याच्या पश्चिमेस सुमारें साडेसहा अंशांवर आहों, म्हणून हा फरक पडतो. या दिवसांत सकाळीं सुमारें सव्वानऊपासून दुपारीं साडेतीनपर्यंत सांवली उंचीपेक्षां तोकडी असते. म्हणजे केवळ ‘भर बारा’ टाळून भागत नाहीं. सव्वासहा तासांचा अवधि संभाळावा लागतो. नाताळच्या सुट्टींतही, थंडी असतांना, सुमारें सव्वाअकरा ते दीड-पावणेदोनपर्यंत सांवली उंचीहून किंचित् कमीच भरते. त्या वेळचें ऊन अंगास गोड लागतें, म्हणून अधिक लक्ष ठेवावें.

ज्यांस आंकडा हवा असेल त्यांच्यासाठीं ‘यू.व्ही. निर्देशांक’ नांवाचें माप आहे. तें प्रथम कॅनडांत १९९२ मध्यें प्रचारांत आलें आणि पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें स्वीकारलें. तीनपासून पुढें काळजी घ्यावी, आठपासून पुढें ती फार घ्यावी, आणि अकरा व त्यावर आंकडा गेला म्हणजे तो परमावधि समजावा, असा त्याचा अर्थ आहे. मे महिन्यांतील निरभ्र दुपारीं आपल्या पठारावर तो अकरावर जाऊं शकतो. हल्लीं भ्रमणध्वनीवर हवामानाच्या जोडीस हा आंकडाही पाहावयास मिळतो.

आतां उपायांचा क्रम सांगतों. पहिला उपाय वेळेचा, व तो वर सांगितलाच आहे. फिरणें, पोहणें, खेळणें हें सकाळीं आणि संध्याकाळीं करावें. मधला वेळ वाचन, बैठे खेळ व झोंप यांस द्यावा.

दुसरा उपाय सांवलीचा. परंतु सगळी सांवली सारखी नसते. अतिनील किरण हवेंत विखुरतात आणि सर्व आकाशांतून थोडेथोडे येत राहतात. बाभळीखालीं बसलें असतां फांद्यांमधून जेवढें आकाश दिसतें, तेवढे ते आंत येतात. वड, आंबा, लिंब यांची दाट सांवली म्हणून बरी. ज्या जागेवरून आकाश कमी दिसेल ती सांवली अधिक चांगली, एवढें लक्षांत ठेवावें.

तिसरा उपाय वस्त्राचा. सोलापूर हें विणकरांचें शहर. येथील मुलांस कापडाची पारख शिकवावयास नको. कापड उजेडासमोर धरावें. त्यांतून जितका उजेड दिसेल तितकें ऊन आंत जातें. घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा, सैल सदरा उत्तम. पातळ सुती सदरा भिजून अंगास चिकटला, म्हणजे त्याचा आडोसा आणखी कमी होतो. म्हणून समुद्रावरून आल्याबरोबर तो बदलावा. डोकीस गांधी टोपी किंवा क्रिकेटची टोपी घातली असतां कान व मान उघडे राहतात. भोंवतालीं तीन बोटांहून अधिक रुंद कांठ असलेली टोपी, किंवा सोलापुरी टॉवेल डोकीवरून मानेवर सोडणें अधिक चांगलें. इंग्रज अमदानींत युरोपियन लोक सोला टोपीवांचून उन्हांत पाऊल टाकीत नसत. सूर्याचे किरण कवटी भेदून मेंदूंत शिरतात अशी त्यांची समजूत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती समजूत खोटी ठरून मागें पडली. तथापि रुंद कांठाच्या टोपीची उपयुक्तता कांहीं खोटी ठरली नाहीं. ऑस्ट्रेलियांतील पुष्कळ शाळांत तर ‘टोपी नाहीं, तर खेळ नाहीं’ असा नियमच आहे. आपल्या आजोबांची काळी छत्रीही या कामीं कोणत्याही नव्या वस्तूस हार जाणार नाहीं.

चौथा उपाय लेपाचा. बाजारांत सनस्क्रीन या नांवानें मिळणाऱ्या मलमांत जस्ताचें किंवा टायटॅनियमचें ऑक्साइड, अथवा अतिनील किरण शोषणारीं दुसरीं द्रव्यें असतात. त्यावर एस.पी.एफ. म्हणून आंकडा छापलेला असतो. पंधराच्या आंकड्याचा लेप ‘ब’ किरणांपैकीं शेंकडा सुमारें ९३ अडवितो, तिसाचा ९७ आणि पन्नासाचा ९८. यावरून दिसेल, कीं आंकडा दुप्पट झाला म्हणून रक्षण दुप्पट होत नाहीं, आणि फार मोठ्या आंकड्यासाठीं फार पैसे मोजण्याचें प्रयोजन नाहीं. तीस पुरे, मात्र तो लेप ‘अ’ किरणांसही अडवितो असें त्यावर लिहिलेलें असावें. तोंड व मान यांस मिळून चहाचा एक चमचाभर लेप, निघण्यापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें लावावा, आणि दर दोन तासांनीं, तसेंच पोहून आल्यावर, पुन्हां लावावा. पातळ बोट फिरविल्यानें छापलेला आंकडा हातीं येत नाहीं. लेप लावला म्हणून उन्हांत अधिक वेळ बसण्याचा परवाना मिळाला, असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांस तो घेणें परवडत नाहीं त्यांनीं खंत करूं नये. वेळ, सांवली आणि वस्त्र हे तिन्ही उपाय त्याहून थोर आहेत. तान्हीं मुलें तर लेपावर न ठेवतां सांवलींतच ठेवावींत.

आपल्या घरांतून चालणाऱ्या एका उपचाराविषयीं इशारा देणें अवश्य आहे. चेहरा काळवंडला म्हणून त्यावर लिंबू चोळण्याची चाल आहे. लिंबाच्या सालींत व रसांत अशीं द्रव्यें असतात, कीं तीं अंगावर असतां ऊन लागलें म्हणजे फोड येतात आणि मागाहून काळे डाग महिनोन्महिने राहतात. सुट्टींत सरबतासाठीं लिंबें पिळणाऱ्यांनींही उन्हांत जाण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. कातडी भाजलीच, तर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या, पाणी पुष्कळ प्यावें, कोरफडीचा गर लावावा. बर्फ थेट लावूं नये, फोड फोडूं नयेत, आणि तेलातुपाचा थर देऊं नये. ताप, उलट्या किंवा मोठे फोड आले तर वैद्यकीय मदत घ्यावी. उष्माघात हा निराळा व अधिक भयंकर विकार आहे. अंग तापून मनुष्य असंबद्ध बोलूं लागला किंवा बेशुद्ध झाला, तर त्यास अंगावर पाणी घालून वारा घालीत तत्काळ इस्पितळांत न्यावें.

इतकें वाचून कोणी उन्हाचा शत्रु होऊं नये. सूर्यप्रकाशानेंच त्वचेंत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें व हाडें बळकट होतात. प्रकाशाच्या साह्यानें त्वचेचा क्षयरोग बरा करण्याबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांस १९०३ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. तसेंच कातडीचें रक्षण म्हणजे गोरेपणाची हौस नव्हे. पुष्कळ घरांत मुलींस ‘काळी होशील’ म्हणून खेळावयास पाठवीत नाहींत; ही चाल अन्यायाची आहे. आपला सांवळा रंग ही या मुलखाच्या सूर्यानें पिढ्यान् पिढ्या घडविलेली ढाल आहे. ढालीची लाज धरावयाची नसते. मुलींनीं मुलांइतकेंच मैदानावर खेळावें, आणि दोघांनींही तें सांवली लांब असतां खेळावें.

शेवटीं ज्यांस वेळ निवडण्याची मुभा नाहीं त्यांचें स्मरण ठेविलें पाहिजे. रुळांवर काम करणारे मजूर, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया, दुपारीं मोट्यारी वाहणारे हमाल यांस सांवली मोजून काम करितां येत नाहीं. आपल्यापैकीं अनेकांचे आईबाप याच कष्टकऱ्यांपैकीं आहेत. त्यांस उन्हाचे धडे देण्यापेक्षां सुट्टींत त्यांच्याबरोबर पहांटे उठावें आणि दोन हात कामास लावावे. सकाळीं सव्वानऊच्या आंत जेवढें उरकेल, तेवढें ऊन त्यांच्या पाठीवरून टळेल.